पर्स सगळ्यांची सारखी, मग जिंकतो कोण? खेळाडूंच्या वेतनमर्यादेचा हिशेब

पांढुर्णा / सौसर : थंडी पडली की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत टेनिस बॉल स्पर्धांचे फलक लागतात. त्यातल्या बऱ्याच स्पर्धा आता ‘प्रीमियर लीग’ झाल्या आहेत आणि सामन्यांच्या आधी खेळाडूंचा लिलाव होतो. पैसा खरा नसतो. प्रत्येक संघमालकाला सारखे पॉइंट मिळतात आणि तेवढ्यातच अकरा-बारा पोरं जमवायची असतात. एखादा मालक गावातल्या हुकमी बॅट्समनवर निम्मे पॉइंट उडवतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि शेवटी विकेटकीपर घ्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. मग ‘उभा राहशील का रे’ म्हणून कोणाला तरी बोलवावे लागते.

आयपीएलचा १२० कोटींचा लिलाव आणि हा गावचा लिलाव यांचा नियम एकच आहे. त्यालाच वेतनमर्यादा म्हणतात. आपल्याकडे रूढ शब्द ‘पर्स’. एका संघाने एका हंगामात सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची वरची हद्द लीग ठरवून देते. ही हद्द दोन तऱ्हेची असते. काही ठिकाणी ती पक्की असते, एक रुपयाही ओलांडता येत नाही. काही ठिकाणी ती लवचीक असते. ओलांडली तर चालते, पण वर दंड किंवा कर भरावा लागतो. बऱ्याच लीगमध्ये खालचीही हद्द असते, म्हणजे इतका खर्च तरी केलाच पाहिजे, नाहीतर मालक फुकटात संघ उभा करून प्रक्षेपणाचा वाटा खिशात घालेल.

जोड तुल्यबळ हवी

असा बांध घालायचा तरी कशाला? धंद्यात ज्याच्याकडे पैसा तो चांगला माल उचलतो, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. खेळाचा धंदा मात्र इथेच वेगळा पडतो.

कुस्तीच्या दंगलीत हे फार पूर्वीपासून कळलेले आहे. पंच कमिटी आधी जोड लावते. वजन, वय, मागच्या कुस्त्या बघून तोडीस तोड पैलवान समोरासमोर आणते. मोठ्या पैलवानाला पोरगेला गडी दिला तर दोन मिनिटांत चितपट होते आणि लोक उठून चहाला जातात. काट्याची कुस्ती असली की तीच माणसे उन्हात तासभर बसतात. कबड्डीच्या गावस्पर्धांत वजनगट ठरवतात त्यामागचा हिशेबही हाच.

अर्थशास्त्रज्ञांनी याला नाव दिले आणि सूत्र मांडले ते त्यानंतर. सायमन रॉटेनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ मध्ये बेसबॉलच्या खेळाडूंच्या बाजारावर लेख लिहिला. निकाल आधीच ठरलेला वाटू लागला की तिकीट खपत नाही, हा त्यातला गाभा. वॉल्टर नील याने १९६४ मध्ये मुष्टियोद्धा जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांचे उदाहरण घेतले. लुईला कमाई करायची तर समोर श्मेलिंगसारखा तगडा माणूसच हवा. दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडलेले चालते, पैलवानाला समोरचा पैलवान संपलेला चालत नाही.

रॉटेनबर्गच्याच लेखात एक अडचणीचा मुद्दाही आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. खेळाडूंना बांधून ठेवणाऱ्या नियमांनी संघ खरोखर समान होतातच असे नाही, कारण चांगला खेळाडू शेवटी जिथे त्याची किंमत जास्त तिथेच पोहोचतो. नियमाने फक्त एवढे ठरते की त्याच्या गुणांचा पैसा खेळाडूच्या खिशात जाईल की मालकाच्या. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे कामाला येतो.

मर्यादा नव्हती तेव्हा

पर्स नसेल तर काय होते, हे बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. १९५६ पर्यंत नागपूर आपल्याच मध्य प्रांताची राजधानी होती. त्या नागपुरात १८९५ मध्ये जन्मलेले सी. के. नायडू पुढे भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पण त्यांचे क्रिकेट नागपूरच्या नावावर लागले नाही. १९२३ मध्ये होळकर संस्थानाने त्यांना इंदूरला बोलावून घेतले, फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड, सागरचे चंदू सरवटे, इंदूरचे मुश्ताक अली असे एकेक करून होळकर संघात जमत गेले. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. युद्धाच्या निमित्ताने तो हिंदुस्थानात होता. त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढले, तरी सामना मुंबईनेच जिंकला.

होळकर संघाने पुढे १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी जिंकली. तिकडे बडोदा संस्थानानेही तेच केले. सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ धावांची भागी १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात झाली ती होळकरांविरुद्धच, बडोद्याकडून.

महाराजांनी खेळाडूंचे भलेच केले, यात वाद नाही. क्रिकेटवर पोट भरत नसण्याच्या काळात नोकरी, हुद्दा, पगार मिळाला. पण नागपूर, सागर, सांगली ही गावे फक्त खेळाडू पुरवणारी झाली आणि चषक दरबाराकडे गेले. संस्थाने विलीन झाली तसा हा आश्रय आटला. त्यानंतर दरबाराऐवजी मुंबई आली. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी मुंबईकडेच राहिली. मुंबईकडे महाराजा नव्हता. मैदाने होती, शिवाय खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या बँका आणि कंपन्या होत्या. पैशाला बांध घातला तरी मैदानांना आणि नोकऱ्यांना तो घालता येत नाही.

आयपीएल : २० कोटी ते १२० कोटी

आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला झाला. एका संघाला ५० लाख डॉलरची पर्स होती, तेव्हाच्या भावाने साधारण २० कोटी रुपये. महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरला घेतले. म्हणजे पर्समधला ३० टक्के पैसा एका माणसावर. तेंडुलकर, गांगुली, द्रविड, सेहवाग, युवराज हे ‘आयकॉन’ होते. त्यांना लिलावात उभे केले नाही. आपापल्या संघातल्या सर्वात महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त रक्कम त्यांना मिळायची होती. त्यामुळे ज्या संघात आयकॉन होता, त्याला दुसऱ्या कोणावर मोठी बोली लावताना दोनदा विचार करावा लागे. चेन्नईकडे आयकॉन नव्हता म्हणूनच ती धोनीवर तुटून पडू शकली.

आणि पहिले विजेतेपद कोणाकडे गेले? राजस्थान रॉयल्सकडे. आठ संघांत सर्वात स्वस्तात विकला गेलेला संघ तोच, ६.७ कोटी डॉलरला. खेळाडूंवरही त्याने सर्वात हात आखडून खर्च केला होता. शेन वॉर्नने नवख्या पोरांवर भरवसा टाकला आणि जिंकून दाखवले. मर्यादेच्या बाजूने बोलणारे आजही हेच उदाहरण देतात.

पुढच्या वर्षांत मात्र चित्र इतके सरळ राहिले नाही. २०२५ पर्यंतच्या १८ हंगामांत ८ वेगवेगळे संघ विजेते झाले. आकडा चांगला दिसतो. पण त्यातली ५ विजेतेपदे मुंबईची आणि ५ चेन्नईची. पर्स सगळ्यांची सारखी असताना निम्म्याहून जास्त चषक दोनच घरांत गेले. इकडे बंगळूरुला पहिल्या चषकासाठी ३ जून २०२५ पर्यंत थांबावे लागले आणि पंजाब तर त्या रात्री अंतिम सामना हरून पुन्हा रिकाम्या हाताने परतला.

यामागे तीन-चार कारणे आहेत. एक म्हणजे खेळाडू कायम ठेवण्याची मुभा. लिलावाच्या आधी संघ आपले ठरावीक खेळाडू राखू शकतो, म्हणजे ज्याचा संघ आधीच जमलेला आहे त्याचे बस्तान हलत नाही. दुसरे, पारख. हार्दिक पंड्याला मुंबईने २०१५ मध्ये फक्त १० लाखांत घेतले होते. स्वस्तात घेतलेला खेळाडू मोठा झाला की पर्समध्ये जी जागा उरते तिथे आणखी एक महाग खेळाडू बसतो. गावागावांत माणसे फिरवून खेळाडू हेरायला जो खर्च येतो तो पर्समध्ये धरला जात नाही. प्रशिक्षक, फिजिओ, सरावाची मैदाने, आकडेवारीची माणसे हेही पर्सच्या बाहेरच. श्रीमंत मालकाचा पैसा तिथून वाट काढतो.

पळवाटाही होत्या. २०१० च्या लिलावात एका खेळाडूला ७.५ लाख डॉलरच्या वर बोली नाही, असे ठरले होते. कायरन पोलार्डसाठी चार संघ तिथपर्यंत पोहोचले. मग बंद लिफाफ्यात गुप्त बोली झाली आणि पोलार्ड मुंबईला गेला. लिफाफ्यातली वरची रक्कम लीगला गेली आणि ती पर्समधून वजा झाली नाही. शेन बाँडचेही तसेच झाले, तो कोलकात्याला गेला. कागदावर सगळे नियमात होते. पण ज्याच्या तिजोरीत जास्त त्यालाच खेळाडू मिळाला, मग मर्यादा राहिली कुठे?

त्याच वर्षी रवींद्र जडेजाला आयपीएलच्या पूर्ण हंगामाची बंदी झाली, कारण करारात असताना त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आणखी एक दुखणे देशांतर्गत खेळाडूंचे होते. आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्यांना काही वर्षे लिलावातच घेत नसत. त्यांना अनुभवाप्रमाणे १०, २० किंवा ३० लाख असे ठरलेले मानधन असायचे. पोरगा चांगला असला तर टेबलाखालून जास्त देऊन घेतात, अशी कुजबुज तेव्हा सगळीकडे होती. २०१४ पासून या खेळाडूंनाही लिलावात आणले गेले आणि जे व्हायचे ते उघड्यावर होऊ लागले.

सगळ्यात ताजी आणि मजेदार पळवाट तर नियम बनवणाऱ्यांनीच दिली. पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, हा जुना नियम २०२५ च्या हंगामासाठी परत आणला गेला. दोन विश्वचषक जिंकणारा धोनी त्यामुळे नवख्यांच्या रांगेत बसला आणि चेन्नईने त्याला ४ कोटींत राखले. एवढी बचत करूनही त्या हंगामात चेन्नई दहा संघांत शेवटची आली, ते सोडा.

महाग म्हणजे भारी नव्हे

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दा इथे झालेल्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींची होती. ऋषभ पंतला लखनऊने २७ कोटींना घेतले, श्रेयस अय्यरला पंजाबने २६.७५ कोटींना. तिसरा आकडा आपल्या मध्य प्रदेशचा. इंदूरच्या वेंकटेश अय्यरसाठी कोलकात्याने २३.७५ कोटी मोजले. पुढचा हंगाम त्याचा जमला नाही, संघही खाली राहिला आणि वर्षभरात त्याला मोकळे करून टाकले.

याच लिलावाच्या आधी बंगळूरुने इंदूरच्याच रजत पाटीदारला ११ कोटींत राखले आणि कर्णधार केले. हा तोच पाटीदार, ज्याला २०२२ च्या मोठ्या लिलावात कोणी घेतले नव्हते. एक खेळाडू जखमी झाला म्हणून बदली म्हणून २० लाखांत त्याला बोलावले आणि त्याने बाद फेरीत शतक ठोकले. त्याच्या संघात यष्टीमागे होता अमरावतीचा जितेश शर्मा. त्यालाही २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत घेतले होते, २०२५ ला तो ११ कोटींचा झाला. २७ मे २०२५ ला लखनऊविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढल्या आणि बंगळूरु पहिल्या दोनांत गेली. वरुडच्या पलीकडे अमरावती आणि इकडे इंदूर, या दोन टोकांच्या पोरांनी मिळून १८ वर्षांचा दुष्काळ संपवला.

त्याच लिलावात एक नाव पुकारले गेले आणि सभागृहात हात वर झाला नाही. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतून आलेला उमेश यादव. आदल्या लिलावात गुजरातने त्याला ५.८ कोटी दिले होते. या वेळी त्याची आधारभूत किंमत २ कोटी होती. तो विकला गेला नाही. सौसरहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर उमेशचे नाव माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी इकडे हळहळ झाली. वय वाढले हे खरेच. पण पक्क्या मर्यादेचा एक ठरलेला परिणामही त्यात दिसतो. वरच्या चार-पाच ताऱ्यांना ६०-७० कोटी गेले की उरलेल्या पैशात मालक दोन कोटींचा अनुभवी गडी घेण्याऐवजी तीस लाखांची नवी पोरे घेतो. मधला माणूस मरतो. बांधाचा चिमटा सगळ्यात जास्त याच थराला बसतो, अगदी वरच्यांना नाही आणि अगदी खालच्यांनाही नाही.

कबड्डीत हिशेब आणखी कडक

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वात महाग ठरला राकेश कुमार, १२.८० लाखांना, पटण्याकडे. चार वर्षांनी २०१८ मध्ये सहा खेळाडू एक कोटीच्या पार गेले. २०१९ ला चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सने घेतला. मातीत खेळलेल्या पोराला कोटी रुपये मिळू शकतात, हे कोल्हापूरपासून काटोल-पांढुर्ण्यापर्यंत लोकांना तेव्हा पहिल्यांदा खरे वाटले.

दहाव्या हंगामात, म्हणजे २०२३ च्या लिलावात, पर्स ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २.६०५ कोटींना घेतले. वही काढून बसा : पर्सचे ५२ टक्के एका चढाईपटूवर. आयपीएलमध्ये पंतवर २२.५ टक्के गेले, महिलांच्या लीगमध्ये २०२३ ला सांगलीच्या स्मृती मानधनावर १२ कोटींतले ३.४ कोटी म्हणजे २८ टक्के गेले. ५२ टक्के म्हणजे फारच. उरलेल्या २.३९५ कोटींत बचावाची साखळी, कोपरे, कव्हर, राखीव खेळाडू सगळे बसवायचे. कबड्डीत सात जण मैदानात असतात. चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याचे अडीच कोटीही बाहेर बसतात. टायटन्सने त्या हंगामात २२ पैकी २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. पवन भारताच्या संघाचा कर्णधार, त्याच्या खेळाला नाव ठेवायला जागा नव्हती. चुकले ते गणित.

त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही मोठी बोली लावली होती. इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २.३५ कोटी. पर्सचे ४७ टक्के. तरी १ मार्च २०२४ ला चषक पुण्याने उचलला. फरक काय पडला? पलटणकडे आधीपासून ‘युवा पलटण’ मधून तयार केलेली पोरे होती. कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर जिल्ह्यातला. लिलावात विकत घ्यायला गेले असते तर ही मंडळी परवडली नसती. ती घरी घडवलेली होती म्हणून कमी खर्चात संघात राहिली आणि शादलूसाठी पैसा मोकळा झाला. पुढच्या वर्षी शादलू २.०७ कोटींत हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि अकरावा हंगाम हरियाणाने जिंकला.

कबड्डीतला समतोल आकड्यात बघितला तर आयपीएलपेक्षा सरस आहे. पहिल्या १२ हंगामांत ८ वेगळे विजेते झाले. पटण्याने तिसरा, चौथा, पाचवा असे सलग तीन हंगाम मारले, तेव्हा लीग एका संघाची होते की काय अशी भीती होती. त्यानंतर सहाव्यापासून अकराव्यापर्यंत दर वर्षी नवा विजेता : बंगळूरु, बंगाल, दिल्ली, जयपूर, पुणे, हरियाणा. बारावा पुन्हा दिल्लीने जिंकला, तोही पुण्याला अंतिम सामन्यात तीन गुणांनी मागे टाकून. इतके काट्याचे अंतिम सामने होत असतील तर बांधाचा काही उपयोग झाला, असे म्हणायला हरकत नाही.

जगात काय चालते

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये १९९४ पासून पक्की मर्यादा आहे. तिथे ग्रीन बे नावाचे एक गाव आहे, लोकसंख्येने छिंदवाड्याहून लहान. त्या गावाचा पॅकर्स संघ न्यूयॉर्क आणि शिकागोच्या बरोबरीने खेळतो आणि चार वेळा सुपर बोल जिंकला आहे. संघाची मालकी कोणा धनाढ्याकडे नाही, हजारो भागधारकांकडे आहे. हे फक्त मर्यादेने झालेले नाही. टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो, हे खरे कारण. उत्पन्न वाटले नाही आणि नुसती मर्यादा घातली, तर लहान गावाचा संघ त्या मर्यादेपर्यंत पोहोचणारच नाही.

आइस हॉकीत मर्यादेवरूनच मालक आणि खेळाडूंचे इतके बिनसले की २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. बेसबॉलमध्ये पक्की मर्यादा नाही, जास्त खर्चावर कर आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला आणि त्यातले बहुतेक पैसे करार संपल्यावर द्यायचे ठरवले. उधारीवर घेतलेला माल म्हणा. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी विजेता डॉजर्सच. जर्मन फुटबॉलमध्ये अशी पर्स नाही, तिथे बायर्न म्युनिखने २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा लीग जिंकली.

मर्यादा मोडली तर शिक्षा काय, याचा नमुना ऑस्ट्रेलियात आहे. रग्बी लीगमधल्या मेलबर्न स्टॉर्म संघाने कच्ची वही वेगळी आणि पक्की वही वेगळी ठेवली होती. २०१० मध्ये ते उघडकीस आले. २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेतली आणि चालू हंगामात जिंकले तरी गुण मिळणार नाहीत, असे सांगितले.

बांध शेतकऱ्याचा की सावकाराचा

आता रॉटेनबर्गच्या त्या अडचणीच्या मुद्द्याकडे परत यावे लागेल. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. खेळाडूंवर किती जातात? २०२५ साठी लिलावाची पर्स, कामगिरीवरची जादा रक्कम आणि सामन्याचे मानधन मिळून एका संघाची एकूण मर्यादा १४६ कोटी ठरली. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाशी तुलना केली तरी हा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास येतो. प्रायोजक आणि तिकिटांचा पैसा यात धरलेला नाही, तो धरला तर टक्का आणखी उतरेल.

अमेरिकेत एनएफएलच्या खेळाडूंना एकूण उत्पन्नाच्या किमान ४८ टक्के आणि एनबीएच्या खेळाडूंना निम्म्याच्या आसपास मिळतात. तिथे मर्यादा किती ठेवायची हे खेळाडूंची संघटना मालकांशी बसून ठरवते. आपल्याकडे आकडा वरून येतो. भारतीय क्रिकेटपटूंची संघटना २०१९ मध्ये झाली, पण तिचे सभासद निवृत्त खेळाडू आहेत. आज मैदानात असलेल्यांच्या वतीने वाटाघाट करणारे कोणीच नाही.

लिलावात परदेशी खेळाडूंचा भाव फार चढू लागला म्हणून आणखी एक नियम आला. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला १८ कोटींच्या वर हातात मिळत नाही, वरची रक्कम मंडळाकडे खेळाडूंच्या कल्याणासाठी जाते. डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबीला कोलकात्याने कॅमेरॉन ग्रीनवर २५.२० कोटींची बोली लावली, त्याच्या वाट्याला १८ च आले. संत्र्याच्या बागेचा सौदा करणाऱ्या इकडच्या माणसाला हे पटकन समजेल : बोली एक आणि हातात पडणारी रक्कम वेगळी.

म्हणून समतोलाच्या नावाखाली काटकसर चालली आहे का, हा प्रश्न रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, असेच म्हणावे लागते. मर्यादा नसती तर मोठ्या उद्योगघराण्यांचे दोन-तीन संघ सगळे तारे घेऊन बसले असते. आणि मर्यादा इतकी खाली असल्यामुळे मालकांचे उत्पन्न वाढत गेले तरी खेळाडूंचा वाटा त्या वेगाने वाढला नाही. पर्स हळूहळू वर जाते आहे. एकूण मर्यादा २०२६ साठी १५१ कोटी आणि २०२७ साठी १५७ कोटी ठरलेली आहे.

लिलाव नाही, तरी समतोल

पर्स नसलेल्या रणजीत गेल्या काही वर्षांत काय झाले, ते सीमेवरच्या वाचकाने मुद्दाम बघावे. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, आणि जिंकली ती इंदूरच्या होळकर मैदानावर. नायडूंना नागपुरातून नेणाऱ्या होळकरांच्या नावाचे मैदान ते. २०१८-१९ ला विदर्भानेच पुन्हा बाजी मारली. २६ जून २०२२ ला मध्य प्रदेशने मुंबईला हरवून आपला पहिला चषक घेतला, पाटीदारचे शतक त्यात होते. २०२४-२५ ला जामठ्यावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. विदर्भाच्या पहिल्या दोन आणि मध्य प्रदेशच्या एका चषकामागे प्रशिक्षक एकच होते, मुंबईचे चंद्रकांत पंडित.

रणजीत मानधन कोणी बोली लावून ठरवत नाही. २०२१-२२ पासून २० पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामने झालेल्याला ५० हजार, त्याहून जास्त खेळलेल्याला ६० हजार. मुंबईचा असो की मिझोरामचा, दर एकच. बाहेरच्या राज्यातले पाहुणे खेळाडू तीनच घेता येतात. वसीम जाफर विदर्भात आला तो याच वाटेने. या दोन साध्या नियमांना मंडळाचा पैसा सगळ्या राज्य संघटनांत पोहोचण्याची जोड मिळाली, मैदाने आणि अकादम्या झाल्या, आणि सलग १५ वर्षे एकाच संघाने जिंकण्याचा काळ मागे पडला.

पांढुर्णा आणि सौसरच्या पोरांसाठी मात्र एक पेच शिल्लक आहे. ५ ऑक्टोबर २०२३ ला जिल्हा वेगळा झाला तरी राज्य मध्य प्रदेशच राहिले आणि खेळाडूची नोंदणी राज्य संघटनेकडे होते. इंदूर रात्रभराच्या वाटेवर, नागपूर दीड-दोन तासांवर. सराव नागपुरात आणि नोंदणी मध्य प्रदेशात, अशी ओढाताण इथे नवी नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्याकडून खेळायचे तर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आयपीएलच्या लिलावासाठी नावही राज्य संघटनेमार्फतच जाते, आणि १९ वर्षांखालच्या खेळाडूने किमान एक प्रथम श्रेणी किंवा लिस्ट ए सामना खेळलेला असावा लागतो. राज्यांच्या स्वतःच्या लीग आता झाल्या आहेत. मध्य प्रदेशची २०२४ मध्ये ग्वाल्हेरला पाच संघांनी सुरू झाली, पुढच्या वर्षी सात संघ झाले. त्यात आपल्या पट्ट्याच्या जवळचा म्हणावा असा जबलपूर लायन्स. विदर्भाची लीग जून २०२५ मध्ये नागपुरात सुरू झाली.

कबड्डीत प्रो कबड्डीच्या दहाव्या-अकराव्या हंगामात सर्वात खालच्या ‘ड’ गटाची आधारभूत किंमत ९ लाख होती, तर आयपीएलमध्ये २०२५ पासून सर्वात कमी आधारभूत किंमत ३० लाख झाली आहे, आधी ती २० लाख होती. घराजवळच्या मैदानावर संध्याकाळी घाम गाळणाऱ्या पोरासाठी १२० कोटींच्या पर्सपेक्षा हा खालचा आकडा जास्त जवळचा आहे.